यमूच्या उंबऱ्यापाशी काढलेले जोडे

अमरावतीहून अकोल्याला जायचं असेल तर सकाळची बडनेऱ्याची गाडी धरा. बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते. तिथला चहा पिऊ नका, संत्री घ्या. मी दोन्ही घेतली आणि पस्तावलो.

मी लुळ्या-पांगळ्यांचा डॉक्टर. लहानपणी तापात पाय गेलेली, जन्मतःच हातपाय आखडलेली मुलं माझ्याकडे येतात आणि मोठी झाली तरी येतच राहतात. इतर डॉक्टर रोगी बरे करतात, मी बरे न होणाऱ्यांना सांभाळतो. म्हणून नागपूरच्या डॉक्टर मंडळींनी मला भाषणाला बोलावलं होतं. त्याआधी एखादी उभी राहिलेली रोगीण डोळ्यांनी पाहावी, म्हणजे भाषणात रंग भरतो, म्हणून ही अकोल्याची फेरी.

यमू तिथल्या एका भटजींची एकुलती लेक, वय वीस. तिचा डावा पाय दुसऱ्या वर्षीच गेला. गेल्या साली मी मुंबईहून लोखंडी पट्ट्यांचा चामडी बूट मागवून तिला घातला होता. सोमवारी मुलींच्या शाळेत ती मास्तरीण होण्यासाठी जाणार होती. मुख्याध्यापिकेची अट एकच होती, फळ्यापाशी उभं राहता आलं पाहिजे.

स्टेशनवर टांगेवाला आठ आणे सांगतो, चार द्या.

"पंडितजीच्या घरी? थे पोरगी तं रांगूनच राह्यली जी," तो म्हणाला.

मी हसलो. अडाणी माणूस!

जोडे काढून आत गेलो तर यमू स्वयंपाकघरातून रांगत आली. बूट अंगणात, तुळशीपलीकडे, तेल लावून चकाचक ठेवलेला. माझं डोकं फिरलं. सवय नाही, शिस्त नाही, तुम्हा लोकांना सांगून उपयोग नाही, असं मी अर्धा तास सुनावलं. भटजी मान खाली घालून ऐकत होते.

यमूनं शांतपणे विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमचे जोडे कुठी आहेत जी?"

"बाहेर."

"मंग मी कावून घालून येऊ? घरात देव आहेत. शाळेतही पोरी चपला बाहेरच काढतात."

पंधरा वर्षं मी हे बूट वाटतोय. प्रत्येक घरी जोडे काढूनच आत शिरतोय. लाज वाटली, खरंच वाटली.

तेवढ्यात भटजी खडावा खटखटवत देवघराकडे निघाले. यमूची आई म्हणाली, "लाकूड चालते घरात."

दुपारी सुतार आला. त्यानं खडावेची खुंटी काढली, नवारीचे पट्टे लावले, माझ्या मुंबईच्या बुटाच्या लोखंडी पट्ट्या खडावेला ठोकल्या. तोवर मी वांग्याची भाजी आणि भाकर हाणली. ठेचा जपून खा. संध्याकाळी यमू चुलीपाशी उभी राहिली आणि वरच्या फळीवरचा डबा तिनं स्वतः काढला. तिची आई पदरानं डोळे पुसत होती. मीही खिडकीकडे वळलो.

घरी परतलो, जोडे दाराशी काढले आणि जुनी नोंदवही उघडली. पानोपानी माझ्याच अक्षरात शेरा होता, 'घरचे ऐकत नाहीत.' नागपूरला भाषण रद्द केल्याचं कळवलं आणि त्या घरांना पत्रं लिहायला बसलो.

आठवड्यानं यमूचं कार्ड आलं. "शाळेत लागले. बाई म्हणतात, खडावेचा आवाज लई होतो. मी म्हटलं, सवय करून घ्या."