घाटात अडकलेले तीन मासे

मलकापूरहून बुलढाण्याला एसटीनं निघालो होतो. शेजारी साठीचे एक काका बसले होते. त्यांच्या मांडीवर पाण्याच्या पिशवीत तीन गोल्डफिश होते आणि हातात माशांच्या टाकीचा नवाकोरा एअर पंप होता. नातीसाठी नेत होते.

राजूरच्या घाटात पुढचा ट्रक बंद पडला आणि गाडी तासभर अडकली. उन्हानं पाणी तापलं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. काका थेट ड्रायव्हरकडे गेले.

"भाऊ, पंप लावाले बोर्ड हाये का गाडीत?"

"काका, इथं हॉर्नच कसाबसा वाजते."

काकांनी परत येऊन धुतलेला डबा काढला, त्यात पाण्यासकट मासे ओतले आणि झाकणानं पाणी उचलून वरून धार सोडू लागले.

"पाणी पडलं की हवा मिसळते. पंप दुसरं काय करते?"

अर्धी धार माझ्या पॅन्टवर येत होती. मी कुरकुरलो.

"तुमी वाळसान हो. हे मेले तं नातीले काय सांगू?"

त्यांचा हात दुखू लागल्यावर झाकण मी घेतलं, मग कंडक्टरनं. काका नुसतं सांगत होते, "अजून उंचावरून!"

बुलढाण्याला तिन्ही मासे जिवंत उतरले. स्टँडवर आलेल्या नातीनं डब्यात वाकून पाहिलं.

"आबा, मी तं पोपट सांगितला होता."

काका आम्हा ओल्या माणसांकडे बोट दाखवून म्हणाले, "पोपटाले एवढ्या लोकायनं हवा घातली असती का?"