आवाराबाहेरच्या शिबिरांवर मी आणलेली बंदी

उंब्रजजवळच्या एका लहानशा कॉलेजात मी खेळ शिकवतो. कॉलेज इतकं लहान की हायवेवरची माणसं आमची पाटी धाब्याची समजून गाडी हळू करतात आणि वाचून झाल्यावर पुढं जातात. पण आमचा मुलींचा कबड्डी संघ मात्र भारी. तो मीच घडवला, असं मी चारचौघांत सांगत असे. खरं सांगायचं तर त्यातला निम्मा जोर एकाच पोरीचा होता. जत तालुक्यातल्या मेंढपाळ घरातली ही पोरगी आमच्याकडे बारावीला होती. गावात मावशीकडे राहायची. पायानं चपळ, तोंडानं त्याहून चपळ.

भांडण सुरू झालं ते कुंडलच्या शिबिरावरून. शहरातल्या एका मोठ्या कॉलेजनं स्वतःचं मैदान सोडून कुंडलात तीन दिवसांचं निवड शिबिर भरवलं. टी-शर्ट, केळी आणि सकाळी दोन उकडलेली अंडी. ही बातमी आमच्या गावात पोचेपर्यंत अंड्यांचं मटण झालं होतं. आमच्या दोन पोरी तिकडे गेल्या आणि पुढच्या वर्षी त्या कॉलेजच्या जर्सीत दिसल्या. माझं डोकं असं फिरलं की घरी बायकोनं नाश्त्याला अंडी केली तरी मी ताट सरकवायचो.

सातारा-सांगलीकडच्या आम्हा क्रीडाशिक्षकांची वर्षातून एकदा सांगलीत बैठक असते. एरवी तिथं यजमान कोण आणि जेवण काय एवढंच ठरतं. त्या वर्षी मी उठलो आणि कॉलेजच्या आवाराबाहेरच्या शिबिरांवर बंदी मागितली. शिराळ्याकडचे एक वयस्कर सर म्हणाले, "आवं, डोंगरातल्या पोरी शहरातल्या कॉलेजच्या दारात कवा जायच्या? कॉलेज त्यांच्या दारात येतंय, तर येऊ द्या की." मी त्यांना बोलूच दिलं नाही. खेळाडू म्हणजे बाजारातली भाजी नव्हे, गावोगाव पाट्या टाकून उचलायला, असं बरंच ओरडलो. माझ्या मनात मात्र एकच हिशेब होता. बारावीनंतर आमची पोरगी तिकडे जाऊ नये.

ठराव मीच लिहिला. शब्द चोख हवेत म्हणून तीनदा खोडून लिहिला: 'कोणत्याही महाविद्यालयाने आपल्या आवाराबाहेर खेळाडूंना एकत्र करून निवड अथवा सराव घेऊ नये.' सगळ्यांनी हात वर केले. ज्यांच्या विरुद्ध ठराव होता, त्या मोठ्या कॉलेजच्या सरांनी तर सर्वांत आधी केला, तोही हसत हसत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मी भडंगाची दुसरी बशी संपवण्यात दंग होतो.

मे महिन्यात, कुंडलचं शिबिर रद्द झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात त्या हसऱ्या सरांची तक्रार होती. "आपलं आवार कुठपर्यंत हो?" प्राचार्यांनी विचारलं. मी खिडकीतून पाहिलं. फाटकापासून दुचाकींच्या शेडपर्यंत. आमच्या पोरी रोज सराव करायच्या ते बाजाराचं मैदान होतं आणि ते ग्रामपंचायतीचं होतं. सोमवारी तिथं कांदे-बटाटे बसायचे आणि बाकीचे दिवस आम्ही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी स्वतःच्याच संघाचा सराव बंद पाडला होता, तोही शुद्ध मराठीत.

मग आम्ही दुचाकींच्या शेडसमोर सराव करून पाहिला. पहिल्याच चढाईत पोरगी थेट क्लार्कच्या स्कूटीवर जाऊन बसली. क्लार्कनं स्कूटीसाठी लेखी हमी मागितली. चौथ्या दिवसापासून ती पोरगी यायचीच बंद झाली.

मी तिच्या शोधात निघालो. उन्हाळ्यात तिचे आईबाप मेंढरं घेऊन कृष्णेकाठी येतात आणि शेतकरी खतासाठी ती आपल्या रानात बसवून घेतात. ऊस तुटून गेलेल्या एका रानात ते सापडले. तिच्या काखेत एक कोकरू होतं.

"या मास्तर, बसा," तिचा बाप म्हणाला. "बसायला काय न्हाई, पर बसा."

मी ढेकळावर बसलो आणि तिला विचारलं, "सरावाला का येत नाहीस?"

"कशाला, सर? पंधरा दिसांत आमी गावाकडं निगनार."

"अगं, पुढच्या वर्षी इथंच प्रवेश घ्यायचाय तुला. संघाची कर्णधार तूच."

"अन् ऱ्हाऊ कुटं? मावशीच्या पोराचं लगीन ठरलंय. माझ्या खोलीत आता सून येनार. आपल्या कालेजात हास्टेल हाय का?"

मी कोकराकडे पाहू लागलो.

"त्या मोट्या कालेजात हाय," ती म्हणाली. "कुंडलच्या शिबिरात निवड झाली असती तर मला ऱ्हायाला मिळालं असतं. म्या लय तयारी केलती."

ठराव कुणाचा, हे तिला ठाऊक नसेल अशी मला आशा वाटली. तेवढ्यात तिचा बाप हळूच म्हणाला, "मास्तर, पोरगी म्हनत व्हती, सरास्नी काय बोलू नगा, त्यास्नी वाईट वाटंल."

मला वाईट नाही वाटलं, लाज वाटली. पोरगी वाचवतो म्हणून मी सांगलीत गळा काढला होता आणि तिला मेंढरांमागं जतला धाडायची सोयही मीच करून ठेवली होती. परतीच्या वाटेवर मी गाडीवर एकटाच मोठमोठ्यानं स्वतःला शिव्या देत होतो. वाटेतल्या एका म्हाताऱ्याला त्या आपल्यालाच वाटल्या आणि त्यानंही दोन परत दिल्या.

घरी येऊन मी त्या हसऱ्या सरांना फोन केला. "शिबिर बंद आहे सर, आपल्याच कृपेनं," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या आवारात तर बंद नाही ना? पोरीला मी घेऊन येतो." पलीकडे वहीची पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "परवा या."

आता बाप अडला. पोरीला परक्या गावी एकटी धाडणार नाही आणि मेंढरं बायकोच्या एकटीच्या अंगावर टाकणार नाही. शेवटी आमचा अख्खा कबड्डी संघ मेंढरं राखायला बसवला. पोरींनी हाताला हात धरून साखळी केली. एक मेंढी पहिल्या पाच मिनिटांत साखळी तोडून शेजारचा उभा ऊस गाठून आली. बाप म्हणाला, "मास्तर, पकड ढिली हाय." मी मान डोलावली. त्यानं फेटा बांधला आणि आम्ही तिघं एसटीनं निघालो.

त्या मोठ्या कॉलेजच्या मैदानावर तिनं तीन चढाया केल्या. पहिलीत दोन बाद, दुसरीत एक, तिसरीत त्यांच्या कर्णधारालाच रेषेपर्यंत फरपटत आणलं. ते सर या वेळी हसले नाहीत, त्यांनी सरळ फॉर्म काढला. बाप फेटा सारखा करत प्रत्येक माणसाला विचारत होता, हास्टेलात रात्री दाराला कडी असते न्हवं?

फॉर्मच्या शेवटी आधीच्या क्रीडाशिक्षकानं ना हरकत लिहून द्यायची असते. खाली एक रकाना होता: खेळाडूला सोडण्याचे कारण. मी पेन धरून बसलो. ठराव तीनदा खोडून लिहिणारा माणूस मी, पण इथं खोडायलाही काही सुचेना. मग लिहिलं, 'आमच्या महाविद्यालयात मुलींना राहण्याची सोय नाही.' डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पुसलंही नाही.

ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"सर, पोरगी लय चांगली खेळती, ह्येबी लिवा की."

रकान्यात जागा उरली नव्हती. मी ते समासात लिहिलं आणि सही केली.