दारातली रांगोळी कुणाच्या हातची?

ती घरफोडी मी विसरू म्हणता विसरत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, निपाणीपासून खानापूरपर्यंत बदल्या भोगल्या. पण तोंडात बोट घालायची वेळ आली ती बेळगावात, अनगोळच्या एका गल्लीत, आणि तीही एका अंगठेबहाद्दर बाईसमोर. आता निवृत्त झालोय, तेव्हा स्वतःची फजिती सांगायला हरकत नाही.

मे महिना होता. सुट्टी लागली की आमच्या ठाण्यात बंद घरांची वही निघायची. गावाला जाणाऱ्यांनी पत्ता, तारखा आणि शेजाऱ्याचा नंबर लिहून द्यायचा. बीटच्या पोलिसाने रोज जाऊन कुलूप ओढून पाहायचं आणि शेरा मारायचा. मी गल्लोगल्ली बैठका घेऊन सांगत होतो, दागिने घरात ठेवू नका, प्रवासाचे फोटो परत आल्यावर मोबाईलवर टाका, आपण कधी जाणार हे ज्याला त्याला सांगत बसू नका. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन नेमकं उलटं करायचे.

त्या गल्लीतल्या एका मास्तरांनी मात्र वहीचा नियम पाळला. दहा दिवस केरळला निघाले तेव्हा वहीत नाव घातलं आणि किल्ली समोरच्या आक्कांकडे ठेवली. आक्का म्हणजे साठीतली एकटी बाई. ब्लाऊज शिवून पोट भरायची आणि गल्लीत कुणीही गावाला गेलं की त्याची किल्ली हिच्या कमरेला. मास्तरांचं दार रोज सकाळी झाडायचं, तुळशीला पाणी घालायचं, उंबऱ्यापुढे रांगोळी काढायची. घरात माणसं आहेत असं वाटावं, ही तिची युक्ती. माझ्या वहीपेक्षा फार जुनी.

सहाव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आक्का ठाण्यात आली.

"सायेब, मास्तरांच्या घरात कोन तरी शिरलंय."

"कुलूप तुटलंय?"

"न्हाय. कुलूप हाय तसं हाय."

"मग कशावरनं म्हणता?"

"दारातली रांगोळी माझी न्हाय."

हेड कॉन्स्टेबल हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू! बीटच्या पोलिसाने दोनच तासांपूर्वी शेरा मारला होता: कुलूप शाबूत, दारात ताजी रांगोळी, सर्व ठीक. तरीही जीप काढली. आक्काच्या किल्लीने दार उघडलं आणि हसू जागच्या जागी विरलं. कपाट उघडं होतं. मास्तरांना फोन लावला तेव्हा कळलं, पुढच्या महिन्यात लग्न असलेल्या मुलीसाठी केलेले दागिने गेले होते.

पंचनामा केला, आमच्याकडे त्याला महजर म्हणतात. फोटो घेतले. ठसे मिळाले नाहीत. कुलूप न तोडता चोरी म्हणजे किल्लीवाल्याकडे बोट, हे पोलिसाला पहिल्या वर्षीच शिकवतात. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बसवायचं नाही हा नियम, म्हणून दुसऱ्या दिवशी महिला पोलीस घेऊन मीच आक्काच्या घरी गेलो. दोन तास उलटसुलट विचारलं. नियम मी पाळला, पण ते दोन तास जीप तिच्या दारात उभी होती आणि सगळी गल्ली बघत होती.

संध्याकाळपर्यंत तीन घरांनी आपापल्या किल्ल्या परत नेल्या. शिवायला टाकलेले ब्लाऊजसुद्धा अर्धवट नेले. त्यानंतर मी पुन्हा गल्लीत गेलो तेव्हा आक्का मला म्हणाली ते जसंच्या तसं सांगतो.

"सायेब, सोनं मास्तरांचं गेलं, ते तुमी शोधशीला. माझं नाव गेलं, ते कोन शोधनार?"

उत्तर सुचत नाही तेव्हा पोलीस अधिकारी आवाज चढवतो, मीही चढवला. म्हटलं, "चोर कशाला रांगोळी काढत बसेल? त्याला काय दिवाळी होती?"

ती चिडली नाही. मला मास्तरांच्या दारात घेऊन गेली. रांगोळी तशीच होती. तिने चिमूट उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "ही बाजारची, दगडाची. खरखरती बघा. माझी भाताच्या तुसाची राख असती, खानापुरास्नं माह्यारची येती. मी कमळ काढलतं. हिनंबी तेच काढलंय, म्हंजे पुसायच्या आदी तिनं माझं बघितलंय. पन वेढा घालून झाला की ही बोट वढून घेती. बघा, दर पाकळीला शेपटी हाय. बाई हाय ही. आन् रोज काढनारी हाय."

मी वाकून पाहिलं. प्रत्येक पाकळीच्या टोकाला बारीक शेपटी होती. पण माझा संशयी स्वभाव एवढ्यावर मानणारा नव्हता. त्या वर्षी निपाणीपासून सांबऱ्यापर्यंत कुलूप न तोडता झालेल्या आणखी तीन घरफोड्या तपासाविना पडून होत्या. त्यांच्या कागदांतले दाराचे फोटो मागवले. फोटोग्राफरने कुलपासाठी काढलेले, पण खाली रांगोळी आपसूक आली होती. त्यात आमच्या ठाण्यातल्यांच्या घरांसमोरचे सातआठ फोटो मिसळले आणि ढीग आक्कापुढे ठेवला.

तिने चष्मा पुसला आणि गहू निवडावेत तसे फोटो निवडू लागली. "ही न्हाय. ही न्हाय. ही तिची. ही पोरसवदा हाय, अजून शिकती. ही तिची." दोन फोटो तिने बाजूला काढले. दोन्ही घरफोड्यांचे. तिसऱ्या घरफोडीच्या दारात रांगोळीच नव्हती. वीस वर्षं ठशांच्या तज्ज्ञांबरोबर काम केलं होतं, पण भिंग नाही, यंत्र नाही, नुसत्या नजरेने हात ओळखणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

एक फोटो तिने हातात जरा जास्त वेळ धरला. "ही बाई चांगली काढती, पन घाईत असती. तिला आतनं कोन तरी सारखं हाका मारतंय." तो फोटो माझ्या घराचा होता. हाका मारणारा कोण, हे मी ठाण्यात कुणाला सांगितलं नाही.

पुढचं काम मात्र आमचं होतं. मास्तरही निरोप मिळताच केरळहून परतले होते. चारही घरांना पुन्हा विचारलं, तुम्ही जाणार हे शेजारी सोडून कुणाला माहीत होतं? "कुणालाबी न्हाय," चौघांचं एकच उत्तर. असं उत्तर देणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला आठवत नसतं. म्हणून प्रश्न बदलला. निघायच्या आधीच्या आठवड्यात काय काय केलं, तेवढंच सांगा. तिकिटं, औषधं, टोप्या, आणि बॅगेची चेन दुरुस्त केली. चौघांनीही. एकाच माणसाकडे. बाजारात बसणारा तो कारागीर मोठा गोडबोल्या. "लांब चाललाय जनू? किती दिस? मग चेन डबल शिलाईची घालतो." आणि माणसं आपण होऊन दिवस, गाव, घर सगळं सांगून मोकळी व्हायची. अडलेल्या बॅगांची कुलुपं उघडता उघडता घरच्या कुलपांनाही त्याचा हात सरावला होता.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या वेशातली महिला पोलीस आणि आक्का त्याच्या भाड्याच्या घरावरून चालत गेल्या. दारात ताजी रांगोळी होती. आक्का थांबलीसुद्धा नाही, नुसती म्हणाली, "हीच." चोराच्या घरचा का असेना, उंबरा मोकळा ठेवायचा नाही ही आपल्याकडची रीत, आणि तिनेच घात केला. एवढ्या धाग्यावर पंचांसमक्ष झडती घेतली. एका जुन्या बॅगेच्या अस्तरात मास्तरांच्या मुलीचे दागिने शिवलेले सापडले.

नवरा कसलेला. तासभर उडवाउडवी केली. म्हणून बायकोला महिला पोलिसांसमोर वेगळं विचारलं. जोडप्याने भर दुपारी कुणाच्या दारात उभं राहिलं की पाहुणे वाटतात, म्हणून तो तिला बरोबर न्यायचा. तिने सगळं कबूल केलं. मी म्हटलं, "रांगोळी काढली ती संशय येऊ नये म्हणून ना?"

ती मान खाली घालून बसली. मग म्हणाली, "न्हाय सायेब. ते तर म्हनत हुते, चल लवकर. आत जाताना त्यांचा पाय पडला, कमळ फिसकटलं. कुना बाईनं एवढ्या निगुतीनं काढलेलं... तसं इस्कटून जायाला जीव धजला न्हाय. त्यांच्या कोनाड्यातली रांगोळी घेतली आन् परत काढली. आदीच्या दोन दारांतबी असंच झालतं."

दुसऱ्याच्या कपाटातलं सोनं उचलताना जिचा हात थरथरला नाही, तिला दुसरीची मोडलेली रांगोळी बघवली नाही! माणूस काय चीज आहे, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं. गुन्ह्यात माफी नसते, तिच्यावर रीतसर आरोपपत्र गेलं. पण ते लिहिताना मला वाईट वाटलं, हे नाकारत नाही.

राहिलं आक्काचं नाव. ते मीच घालवलं होतं, तेव्हा शोधणं मलाच भाग होतं. त्याच गल्लीत सुरक्षेची बैठक बोलावली. मास्तर, शेजारी, किल्ल्या परत नेणारी तिन्ही घरं, पन्नासेक माणसं जमली. सगळ्यांसमोर सांगितलं की ही केस माझ्या ठाण्याने नाही, आक्काने फोडली, आणि मी तिच्यावर संशय घेतला ही माझी चूक. मग खिशातून माझ्या घराची किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"आक्का, उद्यापासून आठ दिवस आम्ही गावाला चाललोय. घर तुमच्यावर सोपवून जातो."

मास्तरांच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. किल्ल्या परत नेणारी माणसं खाली बघू लागली. मला वाटलं, नोकरीत एक तरी काम चोख केलं.

आक्काने किल्ली घेतली, कमरेला खोवली, जमलेल्या पन्नास तोंडांवरून नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाली, "सायेब, आठ दिस घर बंद असनार, हे एवढ्या समद्यांस्नी सांगत्यात व्हय?"

मी गावाला जाणं रद्द केलं नाही, पण निघायचा दिवस बदलला. कोणता ते फक्त आक्काला सांगितलं.