कम्फर्टचं मूळ गाव

समुद्रपूरच्या शाळेतले आमचे इंग्रजीचे सर कुठल्याही शब्दावर पहिल्या भेटीत विश्वास ठेवत नसत. नवा शब्द फळ्यावर आला की चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणायचे, "हा लय सरळ दिसून राह्यला. याचं मूळ गाव पाहा आधी." पाठीमागे आम्ही त्यांना फौजदार म्हणत असू.

एकदा 'कम्फर्ट'चा अर्थ मी 'आराम' असा सांगितला.

"कोनं सांगतलं तुले?" सर खेकसले. "यात लॅटिनमधला फोर्टिस लपून बसला हाये. फोर्टिस म्हणजे बळकट. पह्यले कम्फर्ट म्हणजे माणसाले बळ देणं. गाद्या-उशा मागून आल्या."

मला ती थाप वाटली. पुढे नर्सिंग शिकायला वर्ध्याला आले, तेव्हा वाचनालयातला जाडजूड कोश काढून मुद्दाम तपासलं. सर खरं बोलले होते. मला जरा वाईटच वाटलं.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, माझ्याच वॉर्डात दाखल झाल्या. सर प्रत्येक बाटलीवरचं लेबल वाचायचे आणि मला धरायचे, "हे औषध काऊन बदललं?" एका सकाळी डॉक्टर त्यांना म्हणाले, "आता आपण त्यांना कम्फर्टेबल ठेवू." मी मान खाली घातली. सरांनी नेमकं तेवढंच पाहिलं.

"म्हणजे इलाज थांबला का, पोरी?"

डॉक्टर फाईल चाळत राहिले. मी म्हणाले, "हो, सर."

ते काकूंजवळ जाऊन बसले. "मले काई होत नाई," काकू म्हणाल्या. सरांना तेही पटलं नाही.

"खोटं बोलून राह्यली तू. मीबी आठ दिवस 'तू बरी होशीन' म्हणून खोटंच बोललो. इलाज संपला म्हणतात."

काकूंनी सरांकडे तोंड वळवलं. मग हळूच म्हणाल्या, "मले भेव वाटते."

"मलेबी," सर म्हणाले आणि त्यांनी काकूंचा हात धरला.

आता त्या खचणार, असं मला वाटलं. पण त्या दुपारी कितीतरी दिवसांनी काकूंनी आपणहून भात मागितला, आणि दुसऱ्या दिवशी घरी न्यायला लावलं. घरी त्या अठरा दिवस होत्या. कोणती साडी कोणाला द्यायची ते त्यांनी स्वतः ठरवलं, आणि पलंगावरूनच सरांना वरण करायला शिकवलं.

त्या गेल्यावर आठवडाभराने मी भेटायला गेले, तेव्हा सर वरणाला फोडणी देत होते. वाटी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "चाखून पाह्य. खरं सांगजो मात्र."

"मीठ जास्त झालंय, सर."

ते हसले, आणि हसता हसताच त्यांनी डोळ्यांना खांद्यावरचा दुपट्टा लावला.