खळीतलं दूध

मी सहा वर्षांची होते तरी अंथरूण ओलं करायचे. आज हे बिनदिक्कत लिहिते आहे. तेव्हा आई माझी गोधडी वाळत घालायला निघाली की मी तोंड लपवून बसायचे. त्यातच उमरेडला मामाचं लग्न ठरलं. तिथे सगळी मामे-मावस भावंडं ओळीनं एकाच सतरंजीवर झोपणार होती. आईनं बजावलं, "असंच चालू राहिलं तर तुले नाई नेत. काकूपाशी राहजो."

मला लग्नाला जायचंच होतं. म्हणून मी डोकं चालवायला लागले. मोठी माणसं ओरडायची भरपूर, पण हे होतं कशानं, हा प्रश्न त्यांना पडत नसे, आणि याचा मला फार राग यायचा.

माझा संशय दुधावर होता. झोपण्याआधी आई मला आणि धाकट्या भावाला पेला पेला दूध द्यायची. साठीच्या दशकातलं नागपूर, साखर रेशनची, म्हणून चिमूटभरच, पण घालायची. दुधानं झोप लागते, हाडं भरतात, असं ती म्हणायची. मला वाटायचं, एवढं दूध रात्रभर पोटात बसून करतं काय? बाहेरची वाटच शोधत असणार. शिवाय माझ्याकडे पुरावा होता. एकदा मांजरानं दूध सांडलं, आम्ही तसेच झोपलो आणि सकाळी माझी गोधडी कोरडी निघाली होती.

दूध नको म्हणून पाहिलं. "पे गुमान," एवढंच उत्तर मिळालं. मग ते टाकायचं कुठे? मोरीच्या काळ्या फरशीवर पांढरा ओघळ लगेच दिसला असता. पण आमचं घर विणकराचं. मागच्या पडवीत मोठ्या मडक्यात खळ असायची. तांदळाच्या पिठाची ही शिजवलेली पातळ खळ बाबा तीन-चार दिवस आंबू द्यायचे. मग लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, सकाळी गल्लीत ताणून लावायचे आणि कुंच्यानं त्यावर खळ फिरवायचे. तिच्यामुळे धागा कडक होतो, मागावर तुटत नाही. पांढऱ्यात पांढरं कोण ओळखणार? आई भावाला मांडीवर घेऊन पाजायला बसली की मी पेला घेऊन पडवीत जायचे. येताना वरच्या ओठाला दुधाचं बोट लावायला विसरायचे नाही. तेवढी अक्कल मला होती.

पहिल्या सकाळी गोधडी ओली. दुसऱ्याही. मी खचले नाही. आधीचं साठलेलं दूध अंगातून संपायला वेळ लागत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी ती जराशी कमी ओली वाटली. बहुधा मलाच तसं वाटून घ्यायचं होतं, कारण चौथ्या सकाळी ती पुन्हा पुरती भिजलेली होती.

त्याच सकाळी बाबांनी ताणा गल्लीत लावला आणि खळ दिली. ऊन चढलं तरी धागे सुटे होईनात, एकमेकांना चिकटून बसले. थोड्या वेळानं एका खुंटीवरून लाल मुंग्या चढल्या. दुपारपर्यंत त्यांची रांगच ताण्यावरून चालू लागली, आणि आळीतले विणकर कामं टाकून बघायला जमले. कुणी म्हणालं, पीठ खराब असेल. कुणी म्हणालं, नजर लागली. बाबा उकिडवे बसून बराच वेळ मुंग्या बघत राहिले, मग उठून पडवीत गेले. एरवी खळ ते दोन बोटांत चोळून बघायचे. त्या दिवशी त्यांनी बोट चाटलं.

मी दाराआड उभी होते. ताण्यामागची आठ दिवसांची मेहनत पाण्यात गेली, हे मलाही कळत होतं.

"गोड लागून राहिली," बाबा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तू दूध टाकलं काय वं यात?"

मी होकारार्थी मान हलवली.

"काहून?"

मी सगळं सांगून टाकलं. तोवर आई मागे येऊन उभी राहिली होती. तिचा हात वर गेलेला मला दिसला. बाबांनी तिला थांबवलं. ते अजून विचारात होते, मुंग्यांकडे बघताना होते तसेच.

"मंग? कोरडं राहिलं काय?"

हे कुणी मला विचारेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "नाई," मी म्हणाले. "चारही दिवस ओलंच."

"मंग दुधाचा दोष नाई."

तेव्हा मला रडू फुटलं. फटका बसला असता तर मी रडले नसते, तेवढी निबर मी होते. पण दुधाचा दोष नाही म्हणजे माझाच, आणि उमरेड आता गेलंच, एवढं मला त्या वाक्यातून कळलं.

बाबांनी मडकं उचलून अंगणाच्या कडेला रिकामं केलं. मग ताणा धुवायला निघाले, आणि जाता जाता आईला म्हणाले, "उमरेडले हिच्यासाठी एक गोधडी जास्त घेजो."