रिकामा डबा कसा द्यायचा?

आमच्या गल्लीत सर्वधर्मसमभाव आहे आणि मला त्याचा भयंकर त्रास होतो.

त्रासाचं मूळ म्हणजे सासूबाईंनी लग्नात दिलेला, आमचं नाव कोरलेला स्टीलचा डबा. दिवाळीत बायकोने त्यातून शेजारच्या रेहानाभाभींना चिवडा पाठवला. डबा गेला तो गेलाच! नाताळच्या आदल्या दिवशी करकंबहून सासूबाईंचा फोन आला, "संध्याकाळच्या यष्टीनं येतीया."

"आई आली की आधी डबा शोधते," बायको म्हणाली. "नाही दिसला, तर मी तिच्याबरोबर करकंबला. तुम्ही बसा भाकऱ्या थापत!" (ती जाणार हे ऐकून मी घाबरलो नव्हतो. भाकऱ्यांनी घाबरलो.)

मी तणतणत रेहानाभाभींचं दार वाजवलं. "भाभी, आमचा डबा!"

"खाली डब्बा कैसा देना भाईजान? ईद कू शीरखुर्मा भरको देती. तब लग नरसम्मा कू उसमेंच खजूर भेजी."

म्हणजे आमच्या डब्यातून परस्पर पुण्यकर्म! वर मला बसवून चहा पाजला, तो वेगळाच.

नरसम्मा अक्का समोरच राहतात. त्यांचे आजेसासरे तेलंगणातून मागावर विणायला आले आणि इथलेच झाले. "अय्यो, रिकामा डबा कोण देतं?" त्या माझ्यावरच उखडल्या. "मार्था काकूंना त्यातून चिंचेचा भात दिला."

"अहो, पण डबा आमचा होता!"

"तुमचाच आहे की! नाव आहे त्याच्यावर. कुठं पळून जातोय?"

माझं डोकंच फिरलं. म्हणे आमच्या सोलापुरात गिरण्या आल्या, माग आले. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी बोलणारी माणसं आली. देऊळ, दर्गा, चर्च एकाच गावात नांदली. शहाणी माणसं याला सलोखा म्हणतात. सलोखा कसला डोंबलाचा! एकमेकांची भांडी अडकून पडल्यामुळे कुणाला गाव सोडून जाताच आलं नाही, एवढाच आपला इतिहास!

गल्लीच्या टोकाला मार्था काकूंच्या ओट्यावर डबा दिसला. मी झडप घातली. काकूंनी तो झाऱ्याने मागे ओढला.

"थांबा! नाताळच्या करंज्या घालून देते."

"रिकामा द्या काकू, पाया पडतो!"

"रिकामा? ऐन सणात? तुमच्या सासूबाई आम्हाला काय म्हणतील? आणि बसलाच आहात, तर कडा कातरा."

मी बसलेलो नव्हतो. तरी पुढचा तासभर करंज्या कातरत होतो.

शेवटी भरलेला डबा छातीशी धरून, विजयी मुद्रेने घरी शिरलो. सासूबाई पोहोचल्या होत्या. डबा शोधण्यासाठी त्यांनी आख्खी मांडणी जमिनीवर उतरवली होती. समोर रेहानाभाभींची पातेली, नरसम्मा अक्कांचं ताट, मार्था काकूंचा केकचा डबा (त्यात माझे स्कूटरचे नटबोल्ट).

"जावयबापू, ह्यी कुनाकुनाची भांडी वो?"

"परत देणारच होतो," मी पुटपुटलो. "पण... रिकामी कशी द्यायची?"

सासूबाईंनी एकेका भांड्यावरचं नाव मोठ्यांदा वाचलं. आख्ख्या घरात आमच्या नावाचं भांडं एकच निघालं, आणि ते मी आत्ताच घेऊन आलो होतो!