रिपोर्ट कमी आला

गिरणी संपाच्या वर्षी गावाहून लालबागला परतलो तेव्हा माझी गळ्याची हाडं वर आली होती. आमच्या चाळीत तेव्हा हाडं दिसणं म्हणजे घरात चूल धड पेटत नाही, असा सरळ अर्थ. मिल काही पुन्हा चालू झाली नाही. पुढे वॉचमनची नोकरी लागली, बसायला खुर्ची मिळाली, पोट सुटलं. शेजारची मालवणी म्हातारी कौतुकाने म्हणाली, "तब्येत बरी सुधारली हा तुजी!" त्यानंतर माझी तब्येत सुधारतच गेली. साखर लागली तरी मी ढेरीवरून हात फिरवून खूश.

बायको गेली आणि खोलीत मी एकटा उरलो. मुलगा बदलापूरला. बोलायला कोणी नसलं की माणूस खातो; निदान मी तरी खाल्लं. मग पाय सुजायला लागले, जिना चढताना धाप. परळच्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या हार्मोनची रक्ततपासणी सांगितली. हृदयावर ताण आला की तो वाढतो, म्हणाल्या. मुलगा काळजीने रविवारी येणार होता.

आकडा कमी आला. आम्हाला साखर कमी चांगली, प्रेशर कमी चांगलं, एवढंच ठाऊक. लगेच फोन केला, "कमी आलाय रे!"

"मग रविवारी नाही आलो तर चालेल, बाबा?"

"चालेल की."

फोन ठेवला आणि फार वाईट वाटलं. त्याच्यासाठी कोळणीला सुरमई सांगून ठेवली होती.

सोमवारी हॉस्पिटलात बाई रिपोर्टपेक्षा माझ्या पायांकडेच बघत राहिल्या. "काका, वजन जास्त असलं, त्यातून शरीर इन्सुलिनला दाद देत नसलं, की हा हार्मोन मुळातच कमी असतो. जादा मीठ-पाणी लघवीतून बाहेर काढायला तोच मदत करतो. आणि मुळातच कमी असल्यामुळे हृदय थकलं तरी आकडा वाढेलच असं नाही. आजच टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करू. सोबत कोण आहे?"

"आहे ना," मी म्हणालो. बाईंनी दाराबाहेर बघितलं. बाकडं रिकामं होतं. माझी अशी चिडचिड झाली की विचारू नका, आणि त्याच चिडीत मी मुलाला फोन लावला.

"कमी म्हणजे चांगलं नव्हतं रे. मला इथे एकट्याला भीती वाटते. ये."

तो म्हणाला, "निघतो. कुठल्या गेटला येऊ?"

मी फोन बाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि त्याला पत्ता सांगितला.